रंगखोलीची काच

१

प्लॅस्टरचा जबडा बोळात उताणा पडला होता. पुढचे दोन दात गेले होते, बाकीचे शाबूत होते. भोवती काचांचा चुरा, आणि रंगखोलीच्या चौकटीवर वाळून काळं पडलेलं रक्त. गुरुवारी दुपारी घडलेला हा प्रकार सोमवारी सकाळपर्यंत कुणी झाडून काढला नव्हता. पुरावा आहे, हात लावायचा नाही, असं मॅनेजरने बजावलं होतं, आणि नेमकं नको तेव्हा त्याचं ऐकायची लॅबमध्ये पद्धत होती.

ताई त्या जबड्याकडे बघत उभ्या होत्या. ही लॅब अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, सुरू केलेली. गावातले डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि इथून कवळ्या नि दातांच्या कॅपा तयार होऊन जायच्या. ताईंचं उभं आयुष्य इथल्या मेणाच्या टेबलावर गेलं. बोटांचे सांधे सुजायला लागले तशा त्या घरी बसल्या. आता निम्म्या मालकीची सही करण्यापुरत्याच यायच्या.

उरलेली निम्मी मालकी बाळूची. बाळू म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला, डोक्यावर विरळ झाला, सगळ्यांचा साहेब झाला, तरी ताईंच्या लेखी बाळूच. काल त्याचा फोन आला होता.

"ताई, एक भानगड झालीय. चौकशी तूच कर. बाईमाणसाने केली की बरं दिसतं."

भानगड अशी होती. रंगखोलीत, म्हणजे तयार दाताचा रंग पेशंटच्या दातांशी जुळवायच्या खोलीत, दोघंच काम करायचे. एक रंगमास्तर, ज्यांच्या नजरेला तोड नाही असं डॉक्टर म्हणायचे, आणि एक त्यांच्या हाताखालची मुलगी. तिला सगळे नवी म्हणायचे. गेल्या वर्षी, आधीची मुलगी सोडून गेल्यावर आली, तेव्हा पडलेलं नाव, ते तसंच राहिलं. नवीचं म्हणणं, मास्तरांनी तिला धरलं, दाराशी जाऊ देईनात, म्हणून हाताला लागला तो जबडा तिने दाराच्या काचेवर मारला, की आवाजाने तरी कुणी येईल. मास्तरांचं म्हणणं, रंग चुकवला म्हणून चार शब्द सुनावले, तर पोरगी अंगावर आली. बाळूने नवीला त्याच संध्याकाळी कामावरून थांबवलं. तिने दुसऱ्या दिवशी सरळ कामगार कार्यालय गाठलं, आणि आता लॅबला उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

उत्तर तयारही होतं. वकिलाने बाळूला समजावलं होतं, की अशा प्रकरणात मालकाला दोनच गोष्टी विचारतात: आधी माहीत होतं का, आणि माहीत झाल्यावर काय केलं. त्यामुळे उत्तरात लिहिलं होतं, की आम्हाला कसलीही कल्पना नव्हती. रंगखोलीच्या दाराला काच असल्याने आतलं सगळं बाहेरून दिसत असे. असं काही घडणं शक्यच नाही. सबब या मुलीला मारहाण आणि नासधूस केल्याबद्दल काढून टाकत आहोत.

खाली बाळूची सही झाली होती. ताईंची जागा कोरी होती.

ताईंनी सही केली की नवी संपली, एवढं साधं होतं ते. दातांच्या लॅबा गावात असून असून किती असणार? सगळे एकमेकांना ओळखतात. मास्तरांच्या अंगावर गेलेली मुलगी म्हटल्यावर तिला दारात कोण उभं करणार होतं?

आणि नवीच्या तक्रारीतलं एक वाक्य सकाळपासून ताईंच्या डोक्यातून जात नव्हतं. "काचेवर आतून पडदा होता." दारावर पडद्याचा मागमूस नव्हता.

२

रंगखोली अण्णांनी स्वतः उभी केली होती. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबलही राखाडी, कारण शेजारी दुसरा रंग आला की नजर फसते. उजेड फक्त एका मोठ्या खिडकीचा, कधी ऊन न येणाऱ्या बाजूचा. दिवा लावायचा नाही. दार बंदच ठेवायचं, कारण बाहेरच्या बोळाला खिडकी नव्हती आणि तिथे दिवसभर पिवळा दिवा जळायचा. तो उजेड आत शिरला की दाताचा रंग हुकलाच. अण्णा या दाराच्या बाबतीत देवाधर्मासारखे कडक होते; त्यांच्या काळात त्याला काच नव्हती.

रंगमास्तर टेबलाशी बसले होते. उजव्या हाताला पट्टी. ताई आल्यावर ते अर्धे उठले.

"बसा मास्तर. हाताला काय झालं?"

"काच फुटली ना. चौकटीला धरायला गेलो नि कापलं." ते कसंनुसं हसले. "ताई, तुम्ही मला आज ओळखता का? अण्णांनी हाताला धरून शिकवलंय मला. ही पोरगी माझ्या मुलीच्या वयाची."

"ती म्हणते काचेवर पडदा होता."

"पडदा?" मास्तरांनी फुटक्या काचेकडे बोट केलं. "कसला पडदा? काच उघडीच होती. येणाराजाणारा आत बघू शकत होता. असलं काही करायला मी काय वेडा आहे?"

"म्हणजे दिवसभर बोळाचा उजेड आत येत होता."

"यायचा की."

"मग रंगाचं कसं करत होता हो? पिवळ्या उजेडात?"

हा प्रश्न विचारताना ताईंच्या मनात काही नव्हतं. जुनी खोड, कामाचं विचारल्याशिवाय राहवेना, इतकंच. पण मास्तरांच्या मानेला पीळ पडला. वर्मावर बोट ठेवल्यासारखे ते ताठ झाले.

"विचारा कुणालाही! गेल्या वर्षभरात माझ्या हातचा एक दात रंगासाठी परत आला असेल तर मिशी उतरवीन!"

दातांबद्दल मास्तर खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. आणि म्हणूनच ताईंच्या मनात पाल चुकचुकली. बोळाचा उजेड आत येत असताना वर्षभर एकही रंग चुकत नाही, हे अण्णांनासुद्धा जमलं नसतं.

त्या दाराशी गेल्या. चौकटीत काचेचं एक टोक अजून उभं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक काचेला टेकेपर्यंत जवळ नेलं. टोकाला एक धागा अडकला होता. राखाडी, जाडसर, विणलेल्या कापडातला.

३

"काच आगीच्या तपासणीसाठी बसवली," मॅनेजर म्हणाला. त्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता आणि तो सारखा त्यावरचं झाकण फिरवत होता. "बाहेरून दिसलं पाहिजे ना, आत आग लागली तर."

"भट्टीच्या खोलीच्या दाराला काच आहे?"

"नाही."

"मेणाच्या खोलीला? तिथे तर दिवसभर गॅस पेटलेला."

"तिथेपण नाही."

"आणि जिथे काडी ओढायला बंदी आहे, त्या एकट्या खोलीला आगीसाठी काच. बरीच हुशार आग म्हणायची तुमची."

मॅनेजरने झाकण खाली ठेवलं. त्याच्या कपाळावर घाम जमला होता.

"ताई, मी हुकमाचा ताबेदार. वरून सांगितलं, सुताराला बोलावलं. बाकी मला काही विचारू नका. मला घरदार आहे."

वरून म्हणजे कुठून, हे ताईंनी विचारलं नाही. लॅबला एकच मजला होता.

पडद्याचं त्यांनी सगळ्यांना विचारलं. भट्टीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. पॉलिशवाला म्हणाला, मी तिकडे फिरकतच नाही. मेणाच्या टेबलावरच्या मुली खाली माना घालून इतक्या मन लावून काम करू लागल्या, की ताईंना त्यांची कीवच आली. बोळात दोनच दारं होती, रंगखोलीचं आणि पलीकडे साहेबांच्या केबिनचं. तिथे उगाच कोण जातंय?

शेवटी त्या प्लॅस्टरच्या मावशींकडे गेल्या. मावशी लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या. प्लॅस्टर कालवून कालवून त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असायचे. परत आलेले दात त्यांच्याकडेच यायचे, नवा साचा घ्यायला.

"मावशी, पडद्याचं नाही विचारत. दातांचं विचारते. मास्तरांचे दात रंगासाठी कधी परत आलेत?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं.

"आले होते ना. मधे नुसती रांग लागली होती. निळसर, मेलेल्या माणसाच्या असतात तसे. डॉक्टर फोनवरून साहेबांना काय वाट्टेल ते बोलायचे."

"कधीपासून?"

"काच बसली त्याच आठवड्यापासून."

"आणि थांबले कधी?"

"महिन्याभरात. एकदम." मावशी पुन्हा प्लॅस्टर ढवळू लागल्या, गरजेपेक्षा जोरात. "नवी यायच्या थोडं आधी."

ताईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. पडदा बघितला म्हणून कुणी सांगणार नव्हतं, पण दात सांगत होते. काच बसली, उजेड शिरला, रंग बिघडले. मग काचेवर काहीतरी आलं, उजेड थांबला, रंग सुधारले. नवी खरं बोलत होती.

आता उरला प्रश्न, की गुरुवार ते सोमवारमधे तो पडदा काढला कुणी. मास्तरांनी काढला असता तर ताईंना हलकं वाटलं असतं. त्या पुन्हा बोळात गेल्या, दार ढकललं आणि त्याच्या आतल्या बाजूने, काचेच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

दोन्ही कोपऱ्यांत स्क्रूची भोकं होती, बुजवलेली. राखाडी रंगावर दोन गुलाबी ठिपके. लॅबचंच मेण, घाईत हाताला लागलं ते. उजवा ठिपका त्यांनी निरखून पाहिला. मेणावर अंगठा दाबलेला होता.

४

मेणाला बोट लावायचं नाही, हा लॅबमधला पहिला धडा. मेण गरम सुरीने सारखं करायचं. बोटाची ऊब लागली की ते ओढलं जातं, आणि साच्यावर रेषा उठल्या की दात गेला. मास्तरांपासून मेणाच्या टेबलावरच्या कालच्या मुलीपर्यंत कुणी अंगठ्याने मेण दाबलं नसतं. हाताला तशी सवयच राहत नाही.

एकाला सोडून. त्याला अण्णा लहानपणी मेणाच्या टेबलावर बसवायचे आणि तो दर वेळी अंगठा दाबायचा. अण्णा ओरडायचे, हातावर सुरीचा दांडा मारायचे. तो रडायचा आणि पुन्हा अंगठाच दाबायचा. शेवटी अण्णांनी नाद सोडला आणि त्याला ऑफिसात बसवलं.

ताई बोळात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. असेल दुसऱ्या कुणाचा, त्या स्वतःला समजावत होत्या. सुताराचा असेल. सुताराला काय माहीत मेणाचं? पण सुताराने भोकं पुट्टीने बुजवली असती. वर रंग मारला असता.

दुपारी त्या भावाच्या घरी गेल्या. बाळू वकिलाकडे गेला होता. वहिनीने हसतमुखाने दार उघडलं, चहा टाकला, आणि अर्ध्या तासात मुलीच्या परीक्षेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ताई हूं हूं करत होत्या. काही सापडू नये म्हणून त्या मनातल्या मनात विनवण्या करत होत्या.

"वहिनी, पोरीच्या खोलीत ऊन फार येतं गं," त्या सहज म्हणाल्या, कारण उघड्या दारातून तिथली खिडकी दिसत होती. एका बाजूला राखाडी पडदा होता. दुसरी बाजू उघडी होती.

"येणारच! यांनी गेल्या वर्षी पडदा नेला ना तिथला! म्हणाले, लॅबमध्ये राखाडीच कापड लागतं, दुसरा रंग चालत नाही. मी म्हटलं बाजारात मिळत नाही का? तर म्हणे आत्ता लगेच हवंय. आणि गुरुवारी परत आणला तो बघा कसा!"

वहिनीने मागचं दार उघडलं. दोरीवर हातभर रुंदीचं कापड वाळत होतं. चांगल्या पडद्यातून कापलेलं, मधोमध फाटलेलं. धुऊनही एका कोपऱ्यावरचा तपकिरी डाग गेला नव्हता.

"म्हणे टाकू नको, पुसायला घे. मी यानं काय पुसू?"

ताईंनी कापडाची कड बोटांत धरली. जाडसर वीण होती, हातात जाणवणारी.

"मला दे," त्या म्हणाल्या. "मी बघते काय पुसायचं ते."

५

बाळू परतला तेव्हा ताई रंगखोलीत बसल्या होत्या. खिडकीतून दिवसाचा शेवटचा स्वच्छ उजेड येत होता. त्याने उत्तराचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढलं.

"झाली ना चौकशी? कर सही. उद्या सकाळीच पाठवतो."

ताईंनी पिशवीतून पडदा काढून टेबलावर पसरला. बाळूने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तो स्टुलावर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला.

"ताई, ऐकून तर घे."

"ऐकते. नवीच्या आधीची मुलगी का गेली इथून?"

"लग्न ठरलं तिचं."

"बाळू."

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. दारात कुणीतरी येऊन उभं होतं. प्लॅस्टरच्या मावशी. हात धुतलेले, पदराला पुसत.

"लग्न नव्हतं ठरलं," मावशी म्हणाल्या. "ती माझ्यापाशी रडली. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, मास्तर तिला त्रास देतात. साहेब म्हणाले, बघतो. मग काच बसली. मला वाटलं, चला, साहेबांनी बघितलं."

"बघितलंच की!" बाळू उसळला. "मी काय गप्प बसलो? काच बसवली! एवढ्या मोठ्या कारागिराला तोंडावर कसं विचारणार? अर्धे डॉक्टर त्यांच्या नावावर येतात. म्हटलं, काच असली की आपोआप थांबेल."

"थांबलं?"

"थांबलं होतं."

"मग दात परत यायला लागले," ताई म्हणाल्या.

बाळूने पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"डॉक्टर तोडत होते तुला. मास्तरांनी सांगितलं असेल, काचेतून उजेड येतो. तेव्हा तू काय करायला हवं होतंस? बोळातला दिवा बदलायचास. मास्तरांना बाहेर काढायचंस. ते जमत नव्हतं तर रंगाचं काम बंद ठेवायचंस. तू घरी गेलास, पोरीच्या खिडकीचा पडदा कापलास आणि इथे आणून लावलास. स्वतःच्या हाताने, कारण सुताराला बोलावलं तर चार लोकांना कळलं असतं. आणि मग तिच्या जागी नवी मुलगी आणलीस, तिला या दारातून आत पाठवलंस."

"मला वाटलं, एवढं झाल्यावर मास्तर सुधारले असतील."

"त्यांना कुणी काही बोललंच नव्हतं, तर सुधारतील कशाने? त्यांना फक्त एवढंच कळलं, की मालकाने काच बसवली आणि मालकानेच झाकली." ताईंचे डोळे भरून आले होते, त्याचा त्यांना राग येत होता. "गुरुवारी तू केबिनमधून धावत आलास. पहिल्यांदा काय केलंस? ती पोरगी त्या भिंतीशी थरथरत उभी असेल. तिला पाणी दिलंस?"

बाळूने मान हलवली. नाही.

"पडदा काढलास."

मावशी दारातच रडत होत्या, आवाज न करता. बाळूने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. ताईंना तो लहान दिसत होता, हातावर सुरीचा दांडा बसल्यावर दिसायचा तसा. आत काहीतरी तुटत होतं त्यांच्या, भाऊच तो. पण त्यांनी कागद उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि पिशवीत टाकले.

"मी सही करणार नाही. हा पडदा आणि मावशी उद्या माझ्याबरोबर कामगार कार्यालयात येतील. मास्तर उद्यापासून या दारात पाऊल ठेवणार नाहीत. लॅब राहील की जाईल ते मला माहीत नाही. तू बरोबर यायचंस की नाही, ते तू ठरव."

मग त्यांनी फोन लावला. पलीकडून बारीक, सावध आवाज आला.

"हॅलो?"

"नवी, मी ताई बोलतेय. लॅबमधली. पडदा सापडला गं."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी खोटी नाही?"

"नाहीस."

"मग साहेब असं का म्हणाले? सगळ्यांसमोर म्हणाले, मला काही माहीत नाही, ही मनाचं सांगतेय."

ताईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. हे त्यांनी सांगायचं नव्हतं. त्यांनी फोन बाळूपुढे धरला. तो हलला नाही. त्या तशाच धरून उभ्या राहिल्या, सुजलेली बोटं दुखेपर्यंत. शेवटी त्याने फोन घेतला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. घसा खाकरला. पुन्हा प्रयत्न केला. "मला माहीत होतं."

खोली इतकी शांत होती की पलीकडचा प्रश्न ताईंनाही स्पष्ट ऐकू आला.

"केव्हापासून?"

बाळूने दाराकडे पाहिलं. रिकाम्या चौकटीतून बोळाचा पिवळा उजेड सरळ आत येत होता, टेबलावर, पडद्यावर, त्याच्या हातांवर.

"तू यायच्या आधीपासून," तो म्हणाला.